दारावर देवाच्या नावानं कोणी आलं तर काय बोलायचं, काय करायचं

सकाळचे अकरा वाजलेत, कुकरची तिसरी शिट्टी व्हायचीय, मुलं शाळेत, नवरा ऑफिसला, आणि बेल वाजते. दार उघडलं तर समोर भगवे कपडे, कपाळाला भस्म, हातात कमंडलू. किंवा दोन नीटनेटक्या बायका, हातात पत्रकं आणि टॅब. किंवा चार पोरं पावतीपुस्तक घेऊन. त्या वेळी सुचत काहीच नाही, मग आपण एकतर धाडकन दार लावतो नाहीतर नको असताना पन्नास-शंभर देऊन मोकळे होतो आणि नंतर दिवसभर चिडचिड.

माझं माहेर जत तालुक्यातलं, आता पंधराएक वर्षं पिंपरी-चिंचवडला फ्लॅटमध्ये. लहानपणी पहाटे वासुदेव आला की आजी सूप भरून जोंधळे घेऊन उंबऱ्यापाशी उभी राहायची, त्याच्या झोळीत घालायची, तो एकेका देवाचं नाव घेऊन दान पावलं म्हणायचा, आणि आजी पदर डोक्यावर घेऊन हात जोडून शेवटपर्यंत ऐकायची, मधे आत जायची नाही. आणि इथं आल्यावर आमच्याच विंगमधल्या एका काकूंच्या दोन बांगड्या दुपारी दोन वाजता एका भगव्या कपड्यातल्या माणसानं नेल्या. या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात कायम शेजारी शेजारी असतात, त्यामुळे सरसकट सगळ्यांना हाकला हे मला पटत नाही आणि सगळ्यांना आत घ्या हे तर अजिबातच नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या घरात आणि सोसायटीत जे जमत गेलं ते सविस्तर लिहितेय.

पहिलं काम बेल वाजायच्या आधीचं

घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून ठरवा की आपल्या घरातून काय दिलं जाईल आणि काय नाही. आमच्याकडे ठरलंय असं: धान्य किंवा फळ द्यायचं, पाणी कोणालाही कधीही, रोख वीस रुपयांच्या वर नाही, आणि धर्मावर दारात चर्चा नाही. सासूबाईंना शनिवारी शनीचं तेल घालायचं असतं, तर तेलाची छोटी बाटली दाराजवळच्या कप्प्यात ठेवलीय. तांदळाचा एक डबाही तिथंच, पेल्यासकट. हे का, तर द्यायचं म्हटल्यावर आपण आत वळतो, पर्स शोधतो, बेडरूमपर्यंत जातो आणि तेवढा वेळ दार उघडं असतं. जे द्यायचंय ते हाताशी असलं की पाठ फिरवायची वेळच येत नाही.

मुलांना वेगळं सांगा. एकटी असतील तर दार उघडायचं नाही, आतूनच "आई कामात आहे, नंतर या" म्हणायचं. आणि मोठ्यांनी सुद्धा "घरी कोणी नाहीये", "मालक बाहेर गेलेत" हे म्हणायचं बंद करा. आपल्या बायकांच्या तोंडात हे वाक्य इतकं बसलंय की विचारलं नाही तरी बाहेर पडतं, आणि समोरचा फसवा असेल तर त्याला नेमकी हीच माहिती हवी असते.

सेफ्टी डोअर बंद, तोंड उघडं

आतलं दार उघडायचं, जाळीचं दार बंदच ठेवायचं, आणि नजरेला नजर देऊन बोलायचं. जाळीतून बोलणं हा अपमान नाही, आम्ही कुरिअरवाल्याशीही असंच बोलतो, नात्यातलं नवीन कोणी असेल तरी आधी जाळीतूनच. जाळीचं दार नसेल तर साखळी लावून घ्या, दीड-दोनशे रुपयांचं काम आहे. पहिलं वाक्य आपलं असू द्या, "नमस्कार, काय काम होतं?" एवढंच. यानं समोरच्याला कळतं की घरातलं माणूस घाबरलेलं नाही आणि गडबडीतही नाही. मग तो सांगतो ते पूर्ण ऐका, पंधरा सेकंद लागतात.

कोण आलंय ते ओळखा, कारण उत्तर त्यावर ठरतं

इथं जरा थांबून लिहिते, कारण बहुतेक घोळ इथंच होतो.

परंपरेनं येणारे वेगळे. वासुदेव म्हणजे मोरपिसांची उंच टोपी, पायघोळ अंगरखा, हातात टाळ-चिपळ्या, तो सकाळीच येतो. पिंगळा त्याच्याही आधी, अंधारात, कंदील आणि कुडमुडं घेऊन. गोंधळ्याकडे संबळ, तुणतुणं. पोतराज कंबरेला रंगीत चिंध्यांचा घोळ, हातात कोरडा म्हणजे आसूड, सोबत मरीआईचा देव्हारा डोक्यावर घेतलेली बाई. नंदीबैलवाला, डवरी गोसावी, परडी घेऊन येणाऱ्या जोगतिणी. यातले बरेचसे समाज आपल्याकडे भटक्या जमातींत येतात आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच त्यांचं काम होतं. हे लोक दारात गातात, मागतात, मिळालं तर आशीर्वाद देतात, नाही मिळालं तर पुढच्या दाराला जातात. घरात येऊ का असं विचारत नाहीत, दागिन्यांचा विषय काढत नाहीत. यांना द्यायचं असेल तर मनापासून द्या आणि गाणं पुरं होईपर्यंत उभे राहा, द्यायचं नसेल तर हात जोडा. मी एकदा मीटिंग चालू होती म्हणून एका म्हाताऱ्या वासुदेवाच्या तोंडावर दार लावलं होतं, त्याचं गाणं अर्ध्यात तुटलं तो आवाज मला अजून आठवतो.

कोणी म्हणेल हे कायद्यात बसतं का? आपल्याकडे १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंध अधिनियम आहे, त्यातल्या भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं, नाच, भविष्य सांगणं अशा निमित्तानं मागणंही येतं आणि खाजगी आवारात शिरून मागणंही येतं. म्हणजे कागदावर बघितलं तर वासुदेवाचं गाणंही त्यात ओढता येईल. मला हे बरोबर वाटत नाही, आणि फक्त मागायला आलेल्या माणसासाठी पोलिसांना फोन करू नका असंच मी सांगेन. नको असेल तर नको म्हणा, बास.

जैन साधू-साध्वी आले तर तो प्रकारच निराळा. पांढरे कपडे, अनवाणी, हातात लाकडी पात्रं, दारात येऊन "धर्मलाभ" म्हणतात. ते पैसे घेत नाहीत, देऊही नका. गाय जशी इथं थोडं तिथं थोडं चरते तसं घराघरातून थोडं थोडं घ्यायचं म्हणून त्याला गोचरी म्हणतात. त्यांच्यासाठी मुद्दाम शिजवलेलं चालत नाही, घरच्यांसाठी केलेल्यातलंच घेतात, कांदा-लसूण-बटाटा नाही, पाणी उकळलेलं. त्यामुळे ते आल्यावर घाईनं गॅस पेटवून पोळी टाकायला गेलात तर ते तसेच परत जातात, एकदा आमच्या शेजारी असंच झालं आणि वहिनींना वाटलं काहीतरी चुकलं, राग आला की काय. राग नसतो, त्यांचा नियम असतो. तुमच्याकडे त्यांना चालेल असं नसेल तर सरळ सांगा, त्यांना अजिबात वाईट वाटत नाही.

मग धर्माचा प्रचार करणारे. यहोवाचे साक्षीदार बहुतेक दोघं दोघं येतात, व्यवस्थित कपडे, बोलणं मऊ, "जगात एवढं दुःख का आहे असं तुम्हाला वाटतं?" असा एखादा प्रश्न विचारून सुरुवात. त्यांचं टेहळणी बुरूज नावाचं मासिक मराठीतही असतं, दारात पैसे मागत नाहीत. याशिवाय वेगवेगळ्या आध्यात्मिक संस्थांचे साधक येतात, सत्संगाचं आमंत्रण, पुस्तकं, शिबिरं. इथं लोक दोन टोकं गाठतात, एकतर भांडायला उठतात, "आमच्या दारात यायची हिंमत कशी झाली" वगैरे, नाहीतर संकोचानं अर्धा तास उभे राहतात. दोन्हीची गरज नाही. घटनेच्या कलम २५ नं प्रत्येकाला आपला धर्म पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलाय, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये हेही सांगितलंय की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नाही. ते येऊन विचारू शकतात, तुम्ही नको म्हणू शकता.

पावतीपुस्तकवाले सगळ्यात सोपे वाटतात पण डोकं इथंच जास्त तापतं. ओळखीच्या मंडळाची पोरं असतील तर ठीक. अनोळखी असतील तर तीन गोष्टी विचारा: मंडळ कुठलं, अध्यक्ष कोण, धर्मादाय आयुक्तांची परवानगी किंवा नोंदणी क्रमांक काय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली नोंदणी नसलेल्या मंडळांना वर्गणी गोळा करायला परवानगी घ्यावी लागते, खरी मंडळं हा कागद दाखवतातच. रक्कम तुम्ही ठरवायची, त्यांनी आधीच पावतीवर पाचशे एक लिहून आणलं असेल तर "मी एकशे एक देणार, नवीन पावती करा" म्हणा. दमदाटी केली तर ती वर्गणी राहत नाही, ती खंडणी होते, ११२ ला फोन लावा.

नागपंचमीच्या आसपास टोपलीत नाग घेऊन येतात त्यांना मात्र एक रुपयाही देऊ नका. त्या नागाचे दात काढलेले असतात, कितीतरी वेळा तोंडही शिवलेलं असतं, दूध त्याचं अन्न नाही, उपाशी-तहानलेला ठेवलेला असतो म्हणून तोंड लावतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा गुन्हा आहे, वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

नाही कसं म्हणायचं

आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की दारातून कोणाला विन्मुख पाठवू नये, म्हणून आपण नाही न म्हणता बहाणे करतो. सुतक आहे म्हणून सांगणं हा तर सगळ्यात जुना बहाणा, माझी आत्या दर महिन्याला कोणाला ना कोणाला मारायची. "पुढच्या वेळी या" हाही बहाणाच, पण समोरचा तो शब्द समजतो आणि खरंच पुढच्या वेळी येतो, मग तुम्ही त्याच्यावर चिडता, चूक त्याची नसते.

माझी वाक्यं देते, हवी तर जशीच्या तशी घ्या.

मागायला आलेल्याला: "माफ करा बाबा, आज नाही जमणार." हात जोडून, एकदाच.

प्रचाराला आलेल्याला: "ताई, तुम्ही मनापासून सांगताय ते दिसतंय, पण आम्हाला यात रस नाही. पत्रक पण नको. आणि कृपा करून पुन्हा या फ्लॅटला येऊ नका." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मी ते स्पष्ट म्हटल्यापासून त्या दोघी समोरच्या दारापर्यंत येतात, हसून मान हलवतात, आमची बेल वाजवत नाहीत. त्याआधी दोन वर्षं मी "आत्ता जरा कामात आहे" म्हणत होते आणि त्या बिचाऱ्या माझं काम कधी संपतं त्याची वाट बघत दर महिन्याला येत होत्या.

पुस्तकवाल्याला: हातात घ्यायच्या आधी "किंमत किती?" विचारा. हातात आलं की परत देणं जड जातं, आणि "भेट आहे, फक्त सेवा म्हणून काहीतरी द्या" सुरू होतं.

वाद घालू नका. तुमचा अभ्यास कितीही असो, दारातल्या वादातून कोणी बदललेलं मी पाहिलं नाही, आवाज चढतात आणि शेजारी दारं उघडतात एवढंच. खरंच जाणून घ्यायचं असेल तर वेळ ठरवून बाहेर भेटा, घरात नको. आणि एकदा नाही म्हटल्यावर कारण देत बसू नका, प्रत्येक कारणाला समोरच्याकडे उत्तर असतं. वेळ नाही म्हटलं की तो म्हणतो दोनच मिनिटं, पैसे नाहीत म्हटलं की म्हणतो गूगल पे चालेल. नुसत्या "नको"ला उत्तर नसतं.

धोक्याच्या खुणा

काकूंचं काय झालं ते सांगते. त्या माणसानं आधी पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाला, "माई, तुमच्या मोठ्या मुलाला त्रास आहे." मोठा मुलगा आणि त्रास, कुठल्या घरात नसतो? काकू थबकल्या. मग एक रुद्राक्ष हातात दिला, पैसे नको म्हणाला, त्यानं विश्वास बसला. मग मूठभर तांदूळ मागितले, हळद-कुंकू मागितलं, म्हणजे काकू आत गेल्या आणि तो पाठोपाठ हॉलमध्ये. मग "सोन्याचा स्पर्श लागतो" म्हणून बांगड्या उतरवून तांदळात ठेवायला सांगितल्या, पंचाच्या पुरचुंडीत बांधल्या, देवापुढं ठेवल्या, संध्याकाळी दिवा लावल्यावर सोडायच्या. दिवा लावल्यावर सोडलं तर तांदूळ आणि दोन लोखंडी कड्या. काकू निवृत्त शिक्षिका आहेत, अडाणी नाहीत. मुलाच्या काळजीनं माणसाचं डोकं कसं बधिर होतं ते कळल्याशिवाय त्यांना नावं ठेवू नका, आमच्याकडे काही लोकांनी ठेवली आणि त्या चार महिने जिना उतरल्या नाहीत.

तर खुणा अशा. घरातल्या माणसावर संकट आहे म्हणून सांगणं. पाणी, मग तांदूळ, मग आणखी काहीतरी असं एकेक मागत तुम्हाला आत पाठवणं. सोन्याचा किंवा नोटेचा उल्लेख, कुठल्याही निमित्तानं, पूजा, शुद्धी, पॉलिश काहीही. "कोणाला सांगू नका, फळ जाईल." आणि घाई, मुहूर्त आत्ताच आहे. यातलं एक जरी दिसलं तरी बोलणं तिथंच थांबवा, आतलं दार लावा, शेजाऱ्यांना फोन करा, वॉचमनला कळवा. शाप देईन, वाटोळं होईल असं म्हणाला तरी. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, घाबरवणं, पैसे उकळणं हा गुन्हा ठरवलाय, सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. हे तोंडावर म्हणून दाखवायची गरज नाही, पण आपल्या मागं कायदा आहे हे माहीत असलं की पाय लटपटत नाहीत.

फसवणूक झालीच तर लाज बाळगत बसू नका. लगेच ११२. पुरचुंडी, तांदूळ, पेला, त्यानं हात लावलेलं काहीही धुऊ नका, उचलू नका. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी काढून घ्या, बऱ्याच ठिकाणी काही दिवसांनी जुन्यावर नवीन रेकॉर्ड होतं. ज्येष्ठांना आधार हवा असेल तर १४५६७ ही हेल्पलाइन आहे. आमच्या काकूंनी तक्रार तिसऱ्या दिवशी केली, तोवर फुटेज गेलेलं होतं.

फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या आधी

हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. हल्ली दारात कोणी अनोळखी दिसलं की लोक फोटो काढतात आणि "सावधान, मुलं पळवणारी टोळी" लिहून पुढं ढकलतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं, अफवा हीच होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच गेले. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या जत तालुक्यातल्या लवंग्याला उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मारहाण झाली, ते पंढरपूरला निघाले होते, रस्ता विचारत होते. माझ्या माहेरच्या तालुक्यात, जिथं आजी सूप भरून जोंधळे घालायची. ती बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून, शंका आली तर फोन पोलिसांना, ग्रुपवर नाही. सोसायटीला कळवायचंच असेल तर फोटो न लावता "बी विंगला एक माणूस पूजेच्या नावानं दागिने मागतोय, दार उघडू नका, पोलिसांना कळवलंय" एवढं लिहा. त्यानं काय केलं ते लिहा, तो कोण वाटतो ते लिहू नका. मुलं पळवणारा हा शब्द तर डोळ्यांनी बघितल्याशिवाय वापरूच नका.

सोसायटीचा नियम करायचा असेल तर

नियम सगळ्यांना एकच ठेवा. आमच्याकडे आधी कमिटीतल्या काहींना फक्त एका धर्माचे प्रचारक बंद करायचे होते, त्यावर दोन मीटिंगा वाया गेल्या. शेवटी ठरलं ते असं: कोणीही असो, आपल्या धर्माचं असो नाहीतर दुसऱ्या, गेटवर नाव-नंबर लिहायचा, वॉचमननं इंटरकॉमवर विचारायचं, ज्या घरानं हो म्हटलं त्याच घरी जायचं. दुपारी एक ते चार कोणीच नाही, कारण तेव्हा म्हातारी माणसं एकटी असतात. वॉचमनला सांगितलंय की अरे-तुरे नाही, काठी उगारायची नाही, उन्हातनं आलेल्याला पाणी विचारायचं.

आणि वासुदेवासाठी एक वेगळी सोय केली. तो वर येत नाही, रविवारी सकाळी सात वाजता गेटच्या आत पारिजातकाखाली उभा राहून गातो, ज्यांना द्यायचं ते खाली येतात. बांगड्या गेलेल्या काकू सगळ्यात आधी असतात, स्टीलच्या डब्यात तांदूळ घेऊन.